कवळीमामाची बावीस मिनिटं

कवळीमामा गेला तेव्हा त्याच्या मागे एक बायको, एक गिटार, एक टेप आणि त्याच्या हातच्या एकशे चाळीस कवळ्या राहिल्या. शोकसभेला यातल्या बऱ्याच कवळ्या आल्या होत्या. त्यामुळे हॉलमध्ये दुःख ज्याचं त्याचं वेगळं असलं, तरी हसू मात्र सगळ्यांचं एकाच घडणीचं दिसत होतं.

मामा दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्या बनवायचा. दवाखान्याच्या मागच्या बाजूला, प्लायवूडच्या एका पातळ भिंतीआड त्याची खोली होती. तिथे प्लास्टरचे जबडे फळीवर ओळीनं मांडलेले असायचे आणि त्यांच्यासमोर बसून मामा सव्वीस वर्षं मेण तापवत राहिला. उरलेल्या वेळात तो जॅझ गिटार वाजवायचा. जॅझ म्हणजे काय, हे त्यानं घरच्यांना अनेकदा समजावून सांगितलं होतं. घरच्यांनी ते अनेकदा समजून घेतलं नव्हतं. फळीवरचे जबडे मात्र ऐकायचे. तेवढेच त्याचे श्रोते, आणि तेही आ वासून.

एके काळी तो बँडमध्ये होता. पाच जणांचा बँड, शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या जेवणघरात वाजवायचा. बँडमास्तर स्वतः सॅक्सोफोन वाजवत. त्यांनी मामाला आठव्या महिन्यातच नारळ दिला. कारण एकच, मामाची गिटार बाकीच्यांपेक्षा किंचित चढी लागायची.

"अरे, तुझे सूर वर जातात."

"वर नाही जात. बरोबर लागलेत."

"कशाशी बरोबर?"

"सकाळी नवाशी," असं म्हणून मामा हसला.

बँडमास्तरांना हे तत्त्वज्ञान वाटलं. त्यांचं म्हणणं असं, की बँडमध्ये एक वेळ बेसूर माणूस चालेल, एक वेळ तत्त्वज्ञ चालेल, पण एकाच खुर्चीवर दोघं बसवणं परवडत नाही.

मामाची भाची म्हणजे धाकटी. ती खरं तर घरात सगळ्यांत लहान म्हणून धाकटी, पण आता दवाखान्यातले पेशंटही तिला त्याच नावानं हाक मारत. तीन वर्षांपासून ती दवाखान्याच्या काउंटरवर बसायची. तिथलं तिचं सर्वांत महत्त्वाचं काम नावं लिहून घेण्याचं नव्हतं. ते होतं टेप लावण्याचं. पेशंटच्या तोंडात मशीन घालायच्या आधी डॉक्टर पायानं घंटीचं बटण दाबत. घंटी वाजली की टेप सुरू करायची. काम संपून पुन्हा घंटी वाजली की बंद करायची, आणि पुढच्या पेशंटसाठी पहिल्यापासून गुंडाळून ठेवायची. मधूनच सुरू केलेली मामाला चालायची नाही.

"मामा, अरे, पेशंटला काय कळतंय पहिलं कुठलं आणि मधलं कुठलं?"

"पेशंटला नाही कळत गं," मामा मेणाचा दात कोरता कोरता म्हणायचा. "पण लाव तू पहिल्यापासून. मी काय म्हणतो—"

आणि मग तो काहीच म्हणायचा नाही. दाताला फुंकर मारून कामाला लागायचा.

टेप बावीस मिनिटांची होती. साधा दात भरायला आठ मिनिटं लागत, त्यामुळे बहुतेकांनी पहिला भागच ऐकलेला. शेवटपर्यंत फक्त रूट कॅनलवाले पोचत, आणि ते दाद देण्याच्या मनःस्थितीत नसत. सगळ्या गावाला मामाचं वादन पाठ होतं आणि त्याचे सूर कानावर पडले की सगळ्या गावाची दाढ ठणकायची. कलावंताच्या वाट्याला उपेक्षा येते, हे सर्वांना माहीत आहे. पण उपेक्षेबरोबर सूजही यावी, असा योग विरळा.

शोकसभेच्या चार दिवस आधी धाकटी मामीकडे गेली. मामी खिडकीपाशी बसली होती. खिडकीचं एक दार निळं होतं, दुसरं नुसतं लाकडी.

"बघ," मामी म्हणाली. "हे निळं अकरा वर्षांपूर्वी रंगवलं तुझ्या मामानं. म्हटलं, अहो, दुसरं कधी? तर म्हणे, पहिलं वाळू दे."

"मामी, जाऊ दे ना आता."

"अकरा वर्षं वाळतंय ते! चपलांचं कपाट बघ. एकच फळी. आणि बोलणं? 'मी काय म्हणतो' म्हणायचा आणि उठून जायचा. छत्तीस वर्षं झाली, तो काय म्हणत होता ते मला अजून कळलेलं नाही."

"गिटार तरी छान वाजवायचा की नाही?"

"ती तर सगळ्यांत अर्धवट. चांगला वाजवत असायचा, मध्येच थांबायचा. छताकडे बघत बसायचा. विचारलं, विसरलात का हो? तर म्हणे, नाही, थांबलोय. कशासाठी? तर म्हणे, येईल." मामीनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढलाही. "काही यायचं नाही. परत आपला वाजवायला लागायचा. अगं, माणूस गेला त्याचं दुःख आहेच. पण पूर्ण झालेलं असं एक काही मागे ठेवून गेला असता, तर त्याच्याकडे बघून रडता तरी आलं असतं. या खिडकीकडे बघून मला नुसता राग येतो."

धाकटीला मामा फार आवडायचा. ती म्हणाली, "टेप आहे ना. ती पूर्ण आहे. बावीस मिनिटं."

"तू ऐकलीस पूर्ण? सलग?"

धाकटी निळ्या दाराकडे बघू लागली. ती काउंटरवर असायची. फोन यायचे, पेशंट विचारायचे अजून किती वेळ, आतून मशीनचा आवाज, बाहेर कुणाच्या तरी पोराचं रडणं. शांतपणे बसून सलग असं कुणीच ऐकलं नव्हतं.

"मग शोकसभेत लाव," मामी म्हणाली. "सगळी. मी ऐकते. पूर्ण निघाली तर गिटार त्या भिंतीवर टांगीन आणि रोज पुसीन. अर्धवट निघाली, तर सोमवारी भंगारवाला येतोय, गिटार आणि टेप दोन्ही त्याच्या गाडीवर. एक अर्धवट माणूस सांभाळला मी, आता त्याची अर्धवट वाद्यं नाही सांभाळायची."

तर अशा रीतीनं त्या रविवारी सकाळी अकरा वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये मामाची अब्रू पणाला लागली होती आणि ती वाचवायची जबाबदारी एका जुन्या टेपरेकॉर्डरवर होती.

त्रेचाळीस माणसं आली होती. पहिल्या रांगेत मामी, तिच्या शेजारी डॉक्टर. डॉक्टर वयस्कर, बारीक आणि इतके नेमके, की त्यांच्या चालण्यावरून घड्याळ लावावं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण डॉक्टरांचं चाळीस वर्षं त्याच्यावरच भरत होतं. बँडमास्तरही आले होते. दोन शब्द बोलण्याचा मान त्यांनी कुणी देण्याआधीच घेतला.

"तो आमच्यातलाच होता," बँडमास्तर गालाला रुमाल लावून म्हणाले, "पण सुरात आमच्यापेक्षा नेहमी थोडा वर राहिला."

लोकांना हे कौतुक वाटलं. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. बँडमास्तर खुलासा करणार होते, पण तेवढ्यात धाकटीनं बटण दाबलं.

पहिला सूर वाजला आणि त्रेचाळीस माणसांनी खुर्च्यांचे हात घट्ट धरले.

कुणी ठरवून केलं नाही हे. तिसऱ्या रांगेतल्या शिंपीणबाईंची मान आपोआप मागे गेली. पोस्टमननं डोळे मिटले. निवृत्त हेडमास्तरांनी तोंड उघडलं आणि जीभ डावीकडे घेतली. ज्यांच्या तोंडात आता एकही दात उरला नव्हता, त्यांनीसुद्धा जुन्या ओळखीखातर गाल आवळले. अशा अवस्थेत गिटार पुढे सरकली. सुरावट वळणं घेत वर चढली, आणखी वर, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली.

काहीच नाही. नुसती टेपची खरखर.

अकरा सेकंदांनी गिटार परत सुरू झाली. जणू मध्ये कुणीतरी काहीतरी विनोदी बोललं होतं आणि तिला हसू आलं होतं. थोडं वाजली. पुन्हा थांबली. या वेळी सात सेकंद.

"विसरला," मामी म्हणाली. हळू म्हणाली, पण शोकसभेत हळू बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं.

गिटार आली आणि गेली. पाचव्यांदा थांबली तेव्हा तर वीस सेकंद पत्ता नाही. मामीचा चेहरा धाकटीला बघवेना. त्यावर राग असता तर चाललं असतं, पण त्यावर राग नव्हताच. मामी नुसती बघत होती, अकरा वर्षं खिडकीकडे बघितल्यासारखी.

"बंद कर गं," ती म्हणाली. "कळलं मला."

धाकटी टेपरेकॉर्डरकडे निघाली. तेवढ्यात गिटार सहाव्यांदा थांबली आणि हॉलमध्ये एक आवाज आला.

"झीईईईई."

धाकटीनं इकडेतिकडे बघितलं. सगळे तिच्याकडेच बघत होते. आवाज तिच्याच तोंडातून येत होता. तीन वर्षं रोज ऐकून ऐकून ती जागा तिच्या जिभेवर बसली होती आणि जिभेनं तिला न विचारताच ती भरली होती. लाजेनं तिनं तोंडावर हात ठेवला. पण पुढच्या थांब्याला मागच्या रांगेतून पोस्टमन "झीईई" म्हणाला. त्याच्या पुढच्याला हेडमास्तर आणि शिंपीणबाई एकदमच. मग रूट कॅनल झालेले सगळे. तोंडं आधीच उघडी होती, फक्त हवा सोडायची बाकी होती.

डॉक्टर ताडकन उभे राहिले. त्यांचा उजवा हात छातीसमोर हवेत होता, अंगठा आणि दोन बोटं जुळलेली, मशीन धरल्यासारखी.

"हा माझा हात आहे," डॉक्टर म्हणाले.

हात त्यांचाच असल्याबद्दल कुणाला शंका नव्हती. तरी सगळे थांबले आणि धाकटीनं टेप बंद केली.

"अकरा सेकंद मशीन. मग उचलायचं, नाहीतर दात तापतो. मग सात सेकंद. मग पाणी. मग पाच, पाच. मग कड घासायला वीस. चाळीस वर्षांत मी यात एका सेकंदाचाही फरक केलेला नाही. माझी बायको या स्वभावाला कंटाळून बहिणीकडे राहते." डॉक्टरांनी टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं. "आणि हा माणूस भिंतीपलीकडे बसून मला मोजत होता!"

धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"डॉक्टर, तुम्ही मशीन रोज किती वाजता तपासता?"

"नवाला. काय विचारतेस? नवालाच."

"मामा गिटार नवाला लावायचा! आधी नाही, नंतर नाही. मशीनचा जो सूर, तोच त्याचा सूर." ती बँडमास्तरांकडे वळली. "सकाळी नवाशी बरोबर!"

बँडमास्तर मटकन खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

"मामी, तो विसरत नव्हता गं. हे दोघांचं वाजवणं आहे. मधल्या जागा मशीनच्या आहेत. घरी थांबायचा, तेव्हा तो मशीनसाठी थांबायचा. म्हणून टेप प्रत्येक वेळी पहिल्यापासून!"

मामीनं सगळं ऐकून घेतलं. ती सहजी विरघळणाऱ्यांतली नव्हती. छत्तीस वर्षं अर्ध्या वाक्यांवर काढलेल्या बाईला कुणी घाईनं पटवू शकत नाही.

"म्हणजे उरलेलं अर्धं डॉक्टरांकडे आहे, असं म्हणतेस."

"हो."

"मग दोन्ही अर्धं एकत्र करून दाखव. ऐकल्याशिवाय मी मानायची नाही. तू 'झीई' केलेलं नाही चालायचं. खरं मशीन."

दवाखाना समोरच्याच इमारतीत होता. अडचण वेगळीच निघाली.

"तोंडाशिवाय माझा हात चालत नाही," डॉक्टर म्हणाले. "हवेत मशीन धरलं तर मी दोन सेकंदांत चुकेन. मला दात लागेल. आणि टेप पूर्ण व्हायची तर नुसता दात नाही, रूट कॅनलच लागेल."

हे ऐकताच त्रेचाळीसच्या त्रेचाळीस माणसांना हॉलची फरशी फार बघण्यासारखी वाटू लागली. मामाबद्दल आदर सगळ्यांना होता, पण तो दाढेपर्यंत पोचलेला नव्हता. टेप बंद झाल्यावर सगळ्यांनी गाल सोडले होते. एकाच माणसाचा हात अजून गालावर होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं शिकारी झुडपाकडे बघतो.

"खालची उजवी दाढ," डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षं तरी झाली असतील."

"छे, छे," बँडमास्तर रुमाल लपवत म्हणाले. "जरा वारं लागलंय."

"आ करा."

"मी सॅक्सोफोन वाजवतो हो! माझं तोंड म्हणजे माझं वाद्य आहे!"

"मग आज तेच वाजवू," मामी म्हणाली. "आठ महिन्यांत त्याला घरी पाठवलंत ना चढा म्हणून? नऊ वर्षं तो शनिवारी संध्याकाळी दाराकडे पाठ करून बसायचा. चला, उठा आता."

बँडमास्तरांनी दाराकडे बघितलं. दारात शिंपीणबाई आणि हेडमास्तर उभे होते, एकाच घडणीचं हसू घेऊन.

पाच मिनिटांनी सगळी शोकसभा रस्ता ओलांडून दवाखान्यात आली. बाकावर सहा जण मावत, तिथे अकरा बसले. उरलेले जिन्यात उभे राहिले. मामीसाठी मागच्या खोलीतलं मामाचं स्टूल आणून आतल्या दारात ठेवलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कागदाची घडी सरकवलेली होती. मामी त्या घडीकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण बसली.

डॉक्टरांनी दाढ बधिर केली. दिवा ओढला. खोलीत अशी शांतता पसरली, जशी मैफलीत पडदा सरकण्याआधी पसरते, आणि बँडमास्तरांच्या आयुष्यात ती पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूनं आली होती.

घंटी वाजली. धाकटीनं बटण दाबलं.

गिटार वळणं घेत वर चढली, शेवटच्या पायरीवर पोचली, थांबली, आणि नेमक्या त्या पायरीवर मशीननं पाय ठेवला. झीईईईई. त्याच सुरात. अकरा सेकंद तो सूर ताणला गेला आणि सुटला, आणि गिटार खळखळून हसली. आता कळलं ती कशाला हसत होती. मशीन बोलायचं, गिटार त्याची नक्कल करायची. मशीन चिडून दोनदा छोटं बोलायचं, पाच, पाच. गिटार 'बरं बाबा, बरं' म्हणून खाली यायची. लाळ ओढणारी नळी बँडमास्तरांच्या गालात गुळगुळ करत होती, तर तिच्यासाठीसुद्धा मामानं खाली खर्जात जागा ठेवली होती. मशीनची सुई बदलायला डॉक्टरांना चाळीस सेकंद लागतात. तिथे मामानं चाळीस सेकंद अशी धमाल केली होती, की जिन्यातला पोस्टमन "वा!" म्हणाला आणि कठड्यावर ताल धरू लागला.

"थुंका," डॉक्टर म्हणाले. त्याच क्षणी टेपमध्ये मामानं गिटारच्या लाकडावर तळहात मारला. धप्.

डॉक्टरांनी इतक्या वर्षांत आपलं वादन कधी ऐकलंच नव्हतं. दहाव्या मिनिटाला तल्लीन होऊन त्यांनी डोळे मिटले. बँडमास्तरांनी मात्र आपले मोठ्ठे उघडेच ठेवले.

सतराव्या मिनिटाला सगळं मंद झालं. इथपर्यंत दात खोल स्वच्छ झालेला असतो आणि डॉक्टर फार हलक्या हातानं काम करतात. मशीन कुजबुजल्यासारखं वाजत होतं आणि गिटार त्याच्या शेजारी बसून होती. अधूनमधून एखादाच सूर, शेजारच्याला झोप लागली की नाही हे बघायला हळूच हाक मारावी तसा. जिन्यातला ताल थांबला होता. बँडमास्तरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कशामुळे, याचा निकाल लागणं शक्य नव्हतं. त्यांनी "आ आं आ आं" असं काहीतरी म्हटलं. सगळ्यांनी ते "क्या बात है" असं धरलं. पुढे त्यांनीही तेच खरं असल्याचं सांगितलं.

धाकटी मामीकडे बघत होती. मामी स्टुलावर ताठ बसली होती आणि मांडीवर तिची बोटं मोजत होती. गिटार थांबली की मामी छताकडे बघायची. मशीन आलं की मान हलवायची. येईल, म्हणाला होता. आलं.

बाविसाव्या मिनिटाला मशीनचा शेवटचा सूर आणि गिटारचा शेवटचा सूर एकमेकांत मिसळले आणि कुठला कुणाचा हे कळायच्या आत दोन्ही संपले.

"झालं. थुंका," डॉक्टर म्हणाले आणि पायानं घंटी दाबली.

धाकटीचं बोट सवयीनं बटणाकडे गेलं. मामीनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे."

टेप चालू राहिली. या घंटीच्या पुढे ती आजवर कधीच गेली नव्हती. खरखर ऐकू आली, मग गिटार भिंतीला टेकवल्याचा आवाज, मग आखूड पायाचं स्टूल करकरलं. आणि मग मामा खाकरला.

"हां," मामा म्हणाला. "झालं बघ पूर्ण."

मामीनं हळूच मान डोलावली, समोर माणूस असल्यासारखी.

"आता, मी काय म्हणतो—"

खट्. टेप संपली.

मामीचा चेहरा आधी लाल झाला, मग वाकडा झाला, आणि मग ती इतक्या जोरात हसली, की मागच्या खोलीतले प्लास्टरचे जबडे फळीवर वाजले. हसता हसता ती रडायला लागली आणि रडता रडता पुन्हा हसली. कागदाची घडी निसटली आणि स्टूल डुगडुगलं. धाकटीनं तिला धरलं.

"गिटार टांगायची ना मामी?"

"टांगायची." मामीनं नाक पुसलं. "पण ती टेप उलटी कर आधी. दुसरी बाजू लाव. काय म्हणतोय ते तिकडे असेल."

धाकटीनं टेप उलटी केली.

दुसरी बाजू कोरी होती. मामीनं ती बावीस मिनिटं पूर्ण ऐकली, मधून मधून "हं" म्हणत. त्रेचाळीस माणसंही ऐकत उभी राहिली. बँडमास्तर खुर्चीत आ करून तसेच पडून होते, कारण त्यांना तोंड मिटा असं कुणी सांगितलंच नव्हतं.